वाचकांचे प्रश्न : लैंगिक आरोग्याचे ‘प्रमाणित’ जाणकार कोणाला म्हणावे?

या सदराकडे येणारी लैंगिक आरोग्यविषयक पत्रे एरवी शरीराच्या तक्रारींची असतात. गेल्या दोन महिन्यांत सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पाच पत्रांनी मात्र निराळीच विचारणा केली आहे. या विषयावर शिकवण्याचा, सल्ला देण्याचा आणि उपचार करण्याचा अधिकार कोणाला, आणि तो कोणत्या कागदावरून ओळखायचा, असा त्या सर्वांचा रोख असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी घेतली असून नऊ वर्षे एचआयव्ही चाचणी केंद्रात समुपदेशक म्हणून काम करते. याच क्षेत्रात पुढे जाण्याची इच्छा आहे. एका संस्थेचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पाहिला. शुल्क ३८,००० रुपये असून शेवटी ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त सेक्स थेरपिस्ट’ असे प्रमाणपत्र मिळते. तो करावा का? (तासगाव तालुका)

उत्तर : त्या पदनामासाठी तर मुळीच करू नये, असे माझे मत आहे. का, ते जरा विस्ताराने सांगते.

आपल्याकडे ‘सर्टिफिकेट’ या एका शब्दात वेगवेगळे कागद कोंबले जातात. कार्यशाळेला हजर राहिल्याचा दाखला असतो. एखाद्या व्यावसायिक संघटनेने उमेदवाराचे शिक्षण, अनुभव आणि वर्तन तपासून ठराविक मुदतीसाठी दिलेले प्रमाणीकरण असते. आणि कायद्याने स्थापन झालेल्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असणे, म्हणजे नोंदणी, ही या दोहोंहून वेगळी बाब आहे. नोंदणीवाचून काही कामे केली, तर तो गुन्हा होतो. जाहिरातदार हातात पहिला कागद ठेवतात आणि बोलतात मात्र तिसऱ्याच्या थाटात.

पंधराएक वर्षांपूर्वी मी स्वतः अशा एका दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले होते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर प्रमाणपत्रे वाटली, तेव्हा माझ्या आडनावात एक अक्षर चुकलेले दिसले. दुरुस्तीसाठी परत दिले, तर संयोजक म्हणाले, “बाई, छपाई गेल्या आठवड्यातच झाली आहे, आता पेनानेच करून घ्या.” म्हणजे पहिल्या व्याख्यानाच्या आधीच मी ‘प्रशिक्षित’ होऊन बसले होते. ते प्रमाणपत्र अजून माझ्याकडे आहे. आडनाव चुकीचेच आहे.

आता खऱ्या प्रमाणीकरणात काय तपासतात, ते पाहा. अमेरिकेत १९६७ साली स्थापन झालेली, ‘आसेक्ट’ या लघुनामाने ओळखली जाणारी लैंगिकता शिक्षक, समुपदेशक आणि उपचारक यांची संघटना या तीन भूमिकांना तीन वेगळी प्रमाणीकरणे देते. उपचारक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि आपल्या व्यवसायाचा कायदेशीर परवाना आधीच हाती असावा लागतो. संघटनेचे प्रमाणीकरण त्या परवान्याची जागा घेत नाही, त्याच्यावर चढते. मानवी लैंगिकतेच्या मूलभूत अभ्यासाचे ९० तास, अनुभवी व्यक्तीच्या पर्यवेक्षणाखाली केलेले काम आणि आचारसंहितेचे बंधन या अटी असतातच. शिवाय ‘सार’ नावाचे एक गटसत्र पूर्ण करावे लागते, ज्यात उमेदवाराला स्वतःच्याच धारणांची उलटतपासणी करायला लावतात. हस्तमैथुन, समलैंगिकता, विवाहबाह्य संबंध, अपंग व्यक्तींचे कामजीवन यांविषयी आपल्या मनात नेमके काय उमटते, कोठे किळस येते, कोठे उपदेश करावासा वाटतो, हे त्याने आधी पाहावे. ते समोरच्या माणसावर सांडू नये, असा त्यामागचा हेतू आहे. आणि हे सगळे करून मिळालेले प्रमाणीकरणही आयुष्यभराचे नसते. ठराविक वर्षांनी, पुढचे शिक्षण घेतल्याचे दाखवून, त्याचे नूतनीकरण करावे लागते.

यातला पर्यवेक्षणाचा भाग ऑनलाइन ध्वनिफिती ऐकून भरून निघत नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात पर्यवेक्षक बाईंनी सल्लार्थीच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेले माझे एक सत्र ऐकले आणि चौथ्याच मिनिटाला यंत्र थांबवले. मी त्या जोडप्याला “काही काळजी करू नका, हे सगळ्यांनाच होते” असे म्हटले होते. बाईंनी विचारले, “कशाची काळजी करू नये? त्यांनी अजून सांगितलेच कुठे आहे?” फीत मागे नेली. खरोखरच, नवरा फक्त “आमचे जरा ते...” एवढेच बोलला होता आणि बायको पदराचे टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली होती. अवघडलेपण त्यांच्यापेक्षा मला जास्त झाले होते आणि ते लपवण्यासाठी मी धीर देऊन मोकळी झाले होते. ही चूक पुस्तकात सापडत नाही, दुसऱ्याच्या कानालाच सापडते.

आपली हद्द कोठे संपते, हे समजण्यासाठी जॅक अ‍ॅनन यांनी १९७६ साली मांडलेली ‘प्लिसिट’ ही पद्धत तुम्हांला उपयोगी पडेल. तिच्यात चार पायऱ्या आहेत. विषय बोलायला मुभा देणे, आवश्यक तेवढी मर्यादित माहिती देणे, त्या व्यक्तीपुरत्या नेमक्या सूचना करणे आणि सखोल उपचार करणे. येणाऱ्यांपैकी पुष्कळांचे काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच भागते, आणि त्या दोन पायऱ्या तुम्ही नऊ वर्षे चढत-उतरत आहातच. तिसऱ्या पायरीसाठी जादा प्रशिक्षण आणि पर्यवेक्षण हवे. चौथी पायरी मनोविकारतज्ज्ञाची किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिच्या नोंदवहीत नाव लागते; समाजकार्याच्या पदवीवरून तेथे थेट पोहोचता येत नाही. सहा आठवड्यांत तुम्हांला चौथ्या पायरीवर नेऊन ठेवतो असे म्हणणारी संस्था पायऱ्या मोजत नाही, पैसे मोजते.

तुमच्या हातात मात्र काहीच नाही, असे नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या परिशिष्टात आरोग्य शिक्षक, तसेच एचआयव्ही आणि कुटुंबनियोजन समुपदेशक यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि राज्य परिषदेने नोंदवही ठेवावी अशी तरतूद आहे. म्हणून आजवरच्या प्रशिक्षणांचे आदेश, कार्यमुक्तीची पत्रे, अनुभवाचे दाखले एका फाइलीत नीट लावून ठेवा. नोंदणीच्या वेळी ते लागतील. ३८,००० रुपये खर्चच करायचे असतील, तर सांगली-मिरजेत एखाद्या अनुभवी मनोविकारतज्ज्ञाशी किंवा मानसशास्त्रज्ञाशी बोलून वर्षभर नियमित पर्यवेक्षण घ्या. अभ्यासक्रम घ्यायचाच झाला, तर संस्थेला आधी एवढे विचारा : माझी सत्रे कोण ऐकणार, आणि उद्या मी एखाद्या सल्लार्थीशी चुकीचे वागले तर त्याने तक्रार कोणाकडे करायची? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते प्रमाणीकरण नव्हे.

प्रश्न : माझे लग्न ठरले आहे. शंका विचारायला जावे, तर एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, हमखास इलाज’ अशा पाट्या आहेत. त्यांच्यापैकी खरा कोण, हे कसे ओळखू? (वय २६, खानापूर तालुका)

उत्तर : भिंतीवरची पाटी हीच पहिली खूण धरा. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे. जो जाहिरातीपासूनच कायदा मोडतो, त्याच्या पुड्यांत काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा. वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो, ही भीती घालून हा सगळा धंदा चालतो. याच भीतीतून उद्भवणाऱ्या त्रासाला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. त्रास खरा असतो, कारण मात्र वीर्य नसते.

डॉक्टरांचे नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पाहता येते आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत. तुमची शंका लग्नाआधीची साधी शंका असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या लैंगिक संसर्गाच्या ‘सुरक्षा’ क्लिनिकमधील समुपदेशकाशी बोलूनही ती फिटेल, आणि तेथे पैसे पडत नाहीत.

प्रश्न : आमच्या विद्यालयात आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी लैंगिक शिक्षणाचे व्याख्यान ठेवायचे आहे. एक गृहस्थ आपण ‘सर्टिफाइड सेक्स एज्युकेटर’ असल्याचे सांगतात आणि दीड तासात सगळे आटोपतो म्हणतात. पालकांचीही धास्ती वाटते. काय तपासावे? (मुख्याध्यापक, सातारा तालुका)

उत्तर : धास्ती समजण्याजोगी आहे. २००७ साली आपल्या राज्याने शालेय किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला होता, आणि त्या वादाची आठवण पुष्कळ शिक्षकांच्या मनात अजून ताजी आहे. परंतु नंतर २०२० मध्ये केंद्राने शालेय आरोग्य कार्यक्रमाचा जो अभ्यासक्रम आणला, त्याच्या ११ विषयांत वयात येणे, लिंगभाव समानता, प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध हे सगळे आहे, आणि प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना त्यासाठी प्रशिक्षण देण्याची योजना आहे. तुमच्याकडचे हे दोन शिक्षक कोण, ते आधी शोधा. बाहेरचा वक्ता एकदा येऊन जातो. मुलांचा खरा प्रश्न तिसऱ्या आठवड्यात, तोही व्हरांड्यात, शिक्षकालाच विचारला जातो.

लैंगिक शिक्षण देणाऱ्यांसाठीचे राष्ट्रव्यापी, सक्तीचे प्रमाणीकरण आपल्याकडे नाही. त्यामुळे ‘सर्टिफाइड’ या शब्दावर न थांबता त्या गृहस्थांना तीन-चार गोष्टी विचाराव्या लागतील. प्रमाणपत्र कोणाचे, किती तासांचे, आणि त्यात प्रत्यक्ष वर्गात शिकवून दाखवले होते का? वयानुसार आशय वेगळा ठेवता का? युनेस्कोची २०१८ ची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे पाच वर्षांपासून पुढच्या वयोगटांसाठी टप्प्याटप्प्याने आशय मांडतात. आठवीला आणि बारावीला तेच भाषण करणाऱ्याने ती चाळलेलीही नसतील. दीड तासात सगळे आटोपतो, हे वाक्य तर मला अपात्रतेचाच पुरावा वाटते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. एखाद्या मुलीने किंवा मुलाने छळाविषयी काही सांगितले, तर तुम्ही काय कराल? मी शाळांत जाते, तेव्हा बुटांच्या खोक्याला फट पाडून केलेली प्रश्नपेटी नेते. बहुतेक चिठ्ठ्या ‘पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरेच नासते का’ अशा असतात. एकदा एक चिठ्ठी आठ घड्या घालून सुपारीएवढी केलेली निघाली. उलगडली तर आत एकच ओळ होती : ‘एक नातेवाईक मला जवळ बसवून घेतात, मला आवडत नाही, कोणाला सांगू.’ बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे २०१२ चा पॉक्सो, याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची शक्यता कळली, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा होते आणि संस्थाप्रमुखाची जबाबदारी तर अधिकच असते. म्हणूनच प्रशिक्षित शिक्षक मुलांना “मी कोणालाही सांगणार नाही” असे वचन कधी देत नाही. “तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावे लागेल, त्यांनाच सांगेन, आणि तुला सांगूनच सांगेन,” असे म्हणतो. तुमच्या वक्त्याला हा फरक माहीत नसेल, तर व्याख्यान पुढे ढकला.

पालकांची सभा आधी घ्या आणि दाखवायची चित्रे त्यांना तेथेच दाखवा. बहुतेक विरोध न पाहिलेल्या गोष्टीला असतो. नंतर मुलांना कोठे पाठवायचे, याचीही सोय करून ठेवा. किशोरवयीनांसाठीचे ‘मैत्री’ क्लिनिक जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आणि कोणत्या दिवशी असते, हे फलकावर लिहून ठेवावे. १०९८ हा बालमदतीचा क्रमांकही त्याखाली लिहा.

प्रश्न : मी एमबीबीएस असून कराडजवळ वीस वर्षे दवाखाना चालवतो. मधुमेही पुरुष लैंगिक तक्रारी घेऊन येतात, म्हणून एक ऑनलाइन डिप्लोमा केला. पाटीवर ‘सेक्सॉलॉजिस्ट’ लिहू शकतो का? (डॉक्टर, कराड तालुका)

उत्तर : डॉक्टरसाहेब, पाटी रंगवण्याआधी २००२ चे व्यावसायिक आचारविषयक विनियम एकदा काढून पाहावेत. त्या शाखेतली विशेष अर्हता नसताना स्वतःला विशेषज्ञ म्हणवून घेऊ नये, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाची मान्यता असलेली ‘एमडी, लैंगिक विज्ञान’ अशी स्वतंत्र पदवी नाही. लैंगिक संसर्गांचा विषय त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग या एमडीत येतो, बाकीचा विषय मनोविकार, मूत्ररोग, स्त्रीरोग आणि अंतःस्रावी ग्रंथी अशा शाखांत वाटला गेला आहे. युरोपात या विखुरलेल्या शाखांनी एकत्र येऊन डॉक्टरांसाठी संयुक्त परीक्षा सुरू केली, ती पहिल्यांदा २०१२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला झाली. ती उत्तीर्ण होणाऱ्यास युरोपीय लैंगिक वैद्यक समितीचे फेलो म्हणतात. तिची तयारी केली, तर ज्ञानाला धार येईल. भारतातली विशेषज्ञता मात्र तिने सिद्ध होत नाही.

खरे तर तुमच्या रुग्णांना पाटीपेक्षा तुमच्या रक्तदाबाच्या यंत्राची गरज अधिक आहे. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्यामुळे ताठरतेची तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या आधी काही वर्षे दिसते. रस्त्याकडेच्या तंबूत औषधाच्या पुड्या विकणाऱ्याकडे गेलेला तोच मधुमेही छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेत असतो आणि पुडीत सिल्डेनाफिल मिसळलेले असले, तर त्याचा रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. तुम्ही सर्वसाधारण डॉक्टर म्हणूनच हे सगळे विचारू शकता. पाटीवर ‘लैंगिक आरोग्याच्या तक्रारींविषयी मोकळेपणाने बोला’ एवढेच लिहिले, तर कोणत्याही नियमाचा भंग होणार नाही.

प्रश्न : मी सातवी शिकले. सांगलीत धंदा करणाऱ्या बायकांमध्ये पंधरा वर्षे निरोध आणि तपासणीचे काम केले. आता डिग्रीवाल्या नवीन ताई आमच्यावर आल्या आहेत. त्या मलाच सगळे विचारतात, पण मीटिंगमध्ये मला ‘अनट्रेंड’ म्हणतात. आमच्यासारखीला सर्टिफिकेट मिळेल का? (सांगली)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला ‘अनट्रेंड’ हा शब्द मला फार लागला. ज्या सांगलीतून तुम्ही लिहिता, तेथेच १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने आणि १९९६ पासून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’ने हे दाखवून दिले आहे की, निरोध कसा वापरायचा यापेक्षा गिऱ्हाइकाला तो वापरायला कसे लावायचे, हे त्या वस्तीतली बाईच दुसऱ्या बाईला शिकवू शकते. एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही साधारण ६० स्त्रियांमागे त्यांच्यातलीच एक शिक्षिका, असा हिशेब धरतात, तो याच कारणाने. गणिताचे प्राध्यापक असलेल्या र. धों. कर्व्यांकडे तरी या विषयाचे कोणते प्रमाणपत्र होते? १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून मासिक चालवले. त्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. हे सदर लिहिताना मला त्या खटल्याची अधूनमधून आठवण होते.

तरी कर्व्यांचा दाखला देऊन मी तुम्हांला कागद नकोच, असे म्हणणार नाही. ज्याच्याकडे कागद आहे, त्यालाच तो नसला तरी चालतो असे म्हणणे परवडते. शिवाय नव्या ताईंना ठाऊक असलेल्या काही गोष्टी तुम्हांलाही हव्यात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे कोणाचा तपासणीचा निकाल तिच्या संमतीशिवाय सांगता येत नाही, आणि हे वस्तीतल्या गप्पांत सांभाळणे दवाखान्यापेक्षा अवघड असते. तुमच्या प्रकल्पात जी अधिकृत प्रशिक्षणे होतात, त्यांच्या यादीत आपले नाव घालायला लावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करता येते, त्याला वयाची वरची मर्यादा नाही. दहावी झाली की पुढच्या अभ्यासक्रमांची दारे उघडतात.

पण हे सगळे व्हायला वेळ लागेल. त्याआधी, याच महिन्यात, प्रकल्पाधिकाऱ्यांकडे अनुभवाचे पत्र मागा. ‘चांगले काम केले’ एवढेच लिहून देतील, ते घेऊ नका. किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कोणत्या गल्ल्यांत, किती बायकांबरोबर, कोणकोणत्या विषयांवर, आणि किती नव्या कार्यकर्त्यांना तुम्ही शिकवून तयार केले, हे त्यात हवे. नव्या ताईंनाही त्याच यादीत घाला. खाली सही घ्या, शिक्का घ्या, आणि त्याची झेरॉक्स काढून मूळ पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी तुमच्या भागात कोठवर येते, ते तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.